लखोटा आणि उणे एक

सोमवारी सकाळी ग्रंथपालाला सातव्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर भगदाड दिसलं. भगदाड म्हणजे दोन पुस्तकांच्या मधली चार बोटं रिकामी जागा. दुसरा कुणी असता तर शेजारचं पुस्तक सरकवून त्यानं ती बुजवली असती आणि चहाला गेला असता. ग्रंथपाल तिथेच फरशीवर बसला.

त्या जागेवरचं पुस्तक एकतीस वर्षांत कुणी नेलं नव्हतं. आठशे चाळीस पानं आणि पानोपानी एकच हट्ट: विश्व प्रसरण वगैरे काही पावत नाही, लांबून येता येता प्रकाशच दमतो. लेखकाला सगळे कधीच विसरले होते. पुस्तक रद्दीत गेलं नाही, ते उचलायचा कुणाला उत्साह नव्हता म्हणून. आणि नेमक्या याच गुणामुळे ग्रंथपालानं तीन वर्षांपूर्वी त्याच्या चारशे बाराव्या पानात संस्थेतली सगळ्यात मोलाची चीज ठेवली होती. एक लखोटा.

संस्था आकाशाचा अभ्यास करणारी. तिच्यात बारा जणांचा एक गट फुटणाऱ्या ताऱ्यांच्या मागे लागलेला. विश्व फुगतंय ही बातमी जुनी. ते दिवसेंदिवस जास्त वेगानं फुगतंय, ही त्यामानानं नवी. ग्रंथपालाला हे एका वाचक बाईनं समजावलं होतं, याच कपाटाशी उभं राहून.

"समज, तुझी ही फळी आपोआप लांबतेय. पुस्तकं जागची हललेली नाहीत, पण त्यांच्यातली अंतरं वाढताहेत. आता पुस्तकांना एकमेकांची ओढ आहे, म्हणजे लांबणं हळूहळू मंदावायला हवं. तर ते उलट जोर धरतंय. आतून काहीतरी रेटतंय."

"काय रेटतंय?"

"तेच कळत नाही. म्हणून तर 'कृष्ण ऊर्जा' म्हणतात. अज्ञानाला बाळसं दिसावं म्हणून नाव."

सगळं भांडण त्या रेट्याच्या स्वभावाबद्दल होतं. रेटा कायम एकसारखा असेल तर गणितात एक आकडा नेमका उणे एक यायला हवा. ओसरत असेल तर उणे एकाच्या वर. वाढत असेल तर खाली, आणि मग फार फार पुढे सगळ्या गोष्टींच्या चिंध्या. काही जणांचं म्हणणं आणखी वेगळं: रेटा-बिटा काही नाही, आपला गुरुत्वाकर्षणाचा नियमच कुठेतरी कच्चा आहे. ग्रंथपालानं हे मतभेद कधी डोक्यात घेतले नाहीत. त्यानं माणसं ओळखली ती पुस्तकं परत करण्यावरून. 'कायम'वाले मुदतीच्या आदल्या दिवशी आणून देत. 'ओसरता'वाले मुदत वाढवून मागत. 'चिंध्या'वाल्यांची पुस्तकं चिकटपट्टी लावून येत. आणि नियमच बदलायला निघालेल्यांना ग्रंथालयाचे नियम लागू आहेत हे दर वेळी नव्यानं सांगावं लागे.

आता मनाजोगं उत्तर आलं की माणूस तपासायचं थांबतो, आणि नकोसं आलं की चूक सापडेपर्यंत खणत राहतो. हुशार माणसं तर जास्तच. म्हणून या गटानं आंधळी मोजणी ठरवली. संगणकानं एक गुप्त आकडा काढला, सगळ्या मोजमापांत मिसळला, कागदावर छापला आणि विसरला. तो कागद पालथाच लखोट्यात गेला. तीन वर्षं सगळ्यांनी सरकवलेल्या आकड्यांवर काम करायचं. सगळं तपासून संपलं की ठरल्या दिवशी लखोटा फोडायचा, गुप्त आकडा वजा करायचा, आणि जे निघेल ते निमूटपणे छापायचं.

लखोटा ठेवायचा कुणाकडे? एकमतानं ग्रंथपालाकडे. "त्याला विश्व फुगलं काय नि आटलं काय, सारखंच," असं शंकासुर म्हणाला. शंकासुर हा गटातला सगळ्यात तल्लख आणि सगळ्यात नकोसा माणूस, आईनं "जेवलास का?" विचारलं तरी "कशावरून विचारतेस?" म्हणेल असा. त्यानंच ग्रंथपालाला तिजोरी देऊ केली. ग्रंथपालानं ती नाकारली. तिजोरी म्हणजे 'इथे बघा' अशी पाटीच. न वाचलेल्या जाड पुस्तकाइतकी सुरक्षित जागा जगात नाही, हे त्याचं सव्वीस वर्षांच्या नोकरीचं सार होतं.

त्यानंतर एक घोटाळा झाला, आणि तो फार गोड होता. फळीवरून विश्व समजावणारी ती बाई याच गटातली. ताऱ्यांच्या तेजाचा सगळा हिशेब तिच्या हातात. पुस्तकं मुदतीच्या आदल्या दिवशी आणून द्यायची. ग्रंथपाल पन्नाशीला टेकलेला, ती सेहेचाळीसची. गेल्या वर्षी दोघांनी लग्न केलं. संस्थेत तिला सगळे ताई म्हणत, त्यामुळे ग्रंथपाल एका दिवसात अख्ख्या संस्थेचा भावजी झाला. पेढे वाटून संपायच्या आत शंकासुरानं सवाल टाकला: सरकवलेला आकडा ताईकडे, सरकवणारा आकडा भावजींकडे, आणि दोघं एका ताटलीत जेवणार? नवा आकडा घालायचा तर सहा महिने पाण्यात. शेवटी गटप्रमुख मोठ्या सरांनी दोघांकडून शब्द घेतला: लखोटा ग्रंथालयाबाहेर पडणार नाही.

आणि आता लखोटा फोडायला चार दिवस उरले असताना पुस्तकच नाही. ग्रंथपाल फरशीवरून उठला आणि दारापाशी गेला. तिथे गेल्या महिन्यात एक मशीन बसवलं होतं. वाचकानं पुस्तक त्याच्यापुढे धरायचं, टिंग वाजलं की घेऊन जायचं, ग्रंथपालाचं तोंडही बघायचं नाही. शनिवारी तो दाढ काढायला गेला होता. मशीनच्या पडद्यावर शनिवारची नोंद एकच होती. पुस्तक तेच. आणि वाचक: त्याची बायको.

संध्याकाळी घरी पुस्तक जेवणाच्या टेबलावर होतं, शेजारी कात्री आणि रंगीत कागद.

"हे धूड कशाला आणलंस?" त्यानं बूट काढत शक्य तितक्या आळसावून विचारलं.

"शुक्रवारसाठी. वाचनकक्षाबाहेरच्या बोळात भिंत सजवायची आहे. 'चुकलेली विश्वं'. शंभर वर्षांत लोकांनी काय काय अकलेचे तारे तोडले ते सगळं चिकटवणार. आमचं निघालं चूक तर शेवटी आमचाही कागद." ती थांबली. "पुस्तकाच्या आत काय आहे याची चौकशी तू कधीपासून करायला लागलास? तुला तर बाहेरचा नंबर पुरतो."

"सहज."

"सहज म्हणे."

ती स्वयंपाकघरात वळल्याबरोबर त्यानं झडप घातली. चारशे दहा, चारशे बारा, चारशे चौदा. काही नाही. पुस्तक उलटं धरून झाडलं. जुनी धूळ तेवढी पडली.

"शिंकलास?" आतून आवाज आला.

"धूळ आहे."

"मग झाडू नकोस."

ग्रंथपालाच्या हातातून पुस्तक निसटायचंच राहिलं. झाडलं हे हिला कसं कळलं? की नुसतंच म्हणाली? विचारायची सोय नव्हती. लखोट्याचं नाव काढलं की तो या पुस्तकात होता हे कळणार, आणि तिला सापडला नसेल तर नसती वाट दाखवल्यासारखं होणार. सापडला असेल आणि तिनं उघडला असेल, तर बारा माणसांची तीन वर्षं मातीत; त्यातली सगळ्यात जास्त तिचीच. सहाशे रात्री दुर्बिणीपाशी जागून, सोळाशे तारे मोजून, शेवटी लोक म्हणणार, हिनं उत्तर बघून गणित सोडवलं. आणि का, तर हिच्या नवऱ्याला तिजोरी नको होती.

मंगळवारी त्यानं बायकोची पारख सुरू केली. तिच्या बोलण्यात एरवी तीन वाक्यांमागे दोन टोमणे पडत. मंगळवारी दिवसभरात एक पडला, तोही शेजाऱ्यांच्या गाडीला. त्यानं केलेल्या चहात साखर जास्त झाली, तरी "छान झालाय" म्हणाली. लग्नाला एक वर्ष झालेली बायको चहा छान झालाय म्हणते, तेव्हा तिच्या मनात काहीतरी आहे हे ओळखायला दुर्बीण लागत नाही.

तो तिच्याकडे बघे तेव्हा ती दुसरीकडे बघे. आणि ती त्याच्याकडे बघतेय असं वाटून तो वळे, तेव्हाही ती दुसरीकडेच बघत असे.

बुधवारी वाचनकक्षात बैठक बसली. काचेच्या भिंतीमागे ग्रंथपाल कार्डं लावायचं सोंग करत होता. शेवटचा वाद एक्केचाळीस ताऱ्यांचा होता. ते एका जुन्या, डोळे थोडे अधू झालेल्या दुर्बिणीतून मोजलेले. ठेवायचे की टाकायचे?

"टाका," शंकासुर म्हणाला. "त्या दुर्बिणीला निळा आणि हिरवा एकच वाटतो."

"मी तिला स्वतः चष्मा लावलाय," ताई म्हणाली. "दोन वर्षं खपून दुरुस्ती काढली. एकेक तारा शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून पाहिलाय. कुठे चुकलंय ते दाखव, मी आत्ता टाकते."

"चूक दिसत नाही हाच माझा आक्षेप आहे."

"अरे, मग तुझ्या लग्नातही तू हाच आक्षेप घेतला असशील!"

"घेतला होता. म्हणून तर अजून झालं नाही."

दोन तास हे चाललं. शेवटी मत घेतलं. एका मतानं ताई जिंकली, तारे राहिले. मग सगळ्यांनी फळ्यावर आपापले अंदाज लिहिले. ताईनं नेहमीप्रमाणे ठसठशीत 'उणे एक' लिहून खाली दोन रेघा मारल्या. कायमच्या रेट्यावर तिचं इतकं प्रेम की ग्रंथपालाला कधीकधी त्याचा हेवा वाटे.

पण या वेळी त्याला दुसरंच सुचलं. एवढ्या जोरात रेघा मारल्या त्या नेहमीच्या हट्टानं, की ठाऊक असल्यामुळे?

ही शंका मनात आली आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. तिला असं विचारणारी उद्या शंभर माणसं भेटली असती. पहिला नवराच निघाला. गुरुवारी संध्याकाळी त्यानं ठरवून टाकलं: उद्या लखोटा मागतील तेव्हा सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि हरवला म्हणून सांगायचं. दोष आपला. तिचं नाव घ्यायचं नाही. ठरवल्यावर त्याला चक्क भूक लागली.

शुक्रवारी तीन वाजता वाचनकक्षात खुर्च्या कमी पडल्या. बोळातली भिंत सजली होती, फराळाच्या बशा झाकून ठेवल्या होत्या, आणि मोठ्या सरांनी ठेवणीतला कोट घातला होता.

"तर भावजी," सर म्हणाले, "आणा लखोटा."

ग्रंथपाल उभा राहिला. "सर, मला एक सांगायचंय."

"सर, मला एक सांगायचंय," हे त्याच क्षणी ताईही उभी राहून म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तू बस," तो म्हणाला.

"तूच बस. सर, लखोटा हरवलेला नाही. मी नेलेल्या पुस्तकात तो होता. शनिवारी घरी पुस्तक उघडलं आणि तो समोर आला. फ्लॅपवर ग्रंथालयाचा शिक्का, यांची सही. मी उघडला नाही. सोमवारी सकाळी यांच्या आधी येऊन परत ग्रंथालयात ठेवला."

"कुठे?" ग्रंथपालाच्या तोंडून निघून गेलं. त्यानं चार दिवसांत सगळी कपाटं पालथी घातली होती.

"वाचकांच्या सूचनांच्या वहीत."

कक्षात हशा पिकला. वही त्याच्या टेबलावरच होती, त्याच्या कोपरापासून हातभर. ती तो कधीही उघडत नाही हे सगळ्या संस्थेला माहीत होतं, हे त्याला आत्ता कळलं.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू त्याच पावली सरांकडे गेला असतास, आणि सगळा दोष अंगावर घेतला असतास. मला वाटलं, आज शोधाशोध झाली की वहीतून आपोआप निघेल. मग काल तू गुणगुणत जेवलास, तेव्हाच कळलं की तू काहीतरी मूर्खासारखं ठरवलंयस."

शंकासुर उभा राहिला तसा हशा थांबला. लखोटा वहीतून आणला गेला. त्यानं तो उजेडाकडे धरला, कडा चाचपल्या, शिक्क्याचे दोन्ही अर्धे जुळतात का पाहिलं. जुळत होते.

"शाबूत दिसतो," तो म्हणाला. "पण वाफेवर उघडून परत चिकटवता येतो. ताई, तू तसं केलंस असं मी म्हणत नाही."

"मग काय म्हणतोस?"

"केलं नाहीस हे आपण बाहेरच्या जगाला कसं पटवणार, एवढंच म्हणतोय."

केलेल्या गोष्टीची खूण दाखवता येते. न केलेलीची काय दाखवायची? मोठे सर कोटाची बटणं चाळवत बसले. नवा आकडा घालायचा तर आणखी सहा महिने, आणि गटातल्या चौघांच्या नोकऱ्या तोवर संपत होत्या. ताई उभीच होती. रंगीत कागदाचा एक कपटा अजून तिच्या बाहीला चिकटलेला.

"एक वाट आहे," शंकासुर सावकाश म्हणाला. "बुधवारी ताई एक्केचाळीस ताऱ्यांसाठी दोन तास भांडली. ते ठेवले की आकडा वर सरकतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. उणे एकाच्या जवळ सरकतो की लांब, ते मात्र लखोटा फुटल्याशिवाय कळत नाही. बरोबर? तर फोडा. आकडा उणे एकावर किंवा त्याच्या खाली निघाला, तर ताईनं तो आपल्या लाडक्या उत्तराकडे ढकलला असं कुणीही म्हणेल. मग नवा आकडा, सहा महिने, तोंडं बंद. आणि उणे एकाच्या बराच वर निघाला, तर तिनं ठाऊक असून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला असं म्हणावं लागेल. ते कुणी म्हणणार नाही."

"म्हणजे मी हरले तरच खरी?" ताईनं विचारलं.

"हो."

"ही लंगडी पद्धत आहे."

"लंगडीच आहे. म्हणून लखोट्याची सगळी हकिगत निबंधात जशीच्या तशी छापायची, निकाल काहीही येवो. चांगली पद्धत असेल कुणाकडे तर सांगा, मी बसतो."

सरांनी ताईकडे पाहिलं. तिनं मान डोलावली आणि ती खाली बसली.

ग्रंथपालाच्या आयुष्यात विश्वाबद्दल मत असण्याचा हा पहिलाच प्रसंग. इतकी वर्षं रेटा कायम असो की ओसरो, त्याच्या फळ्या तेवढ्याच होत्या. आता मात्र त्यानं खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या आणि मनापासून, अगदी दात आवळून इच्छा केली की आपली बायको पार चुकलेली निघू दे. ओसर बाबा, तो मनात म्हणत होता. जो कुणी तिथे रेटत असशील, थोडा दमून बस.

सरांनी लखोटा फाडला. कागद एकाला दाखवला, त्यानं संगणकात आकडा घातला. वजाबाकीला डोळ्याची पापणी लवायचाही वेळ लागत नाही, तरी सगळे श्वास धरून बसले. पडद्यावर ठिपक्यांची रांग हलली आणि थांबली.

"उणे शून्य पूर्णांक ब्याऐंशी," सरांनी वाचलं.

"हरली!" ग्रंथपाल खुर्चीवरून उडाला. "हरली! ही साफ हरली!" आणि त्यानं शेजारच्या माणसाला मिठी मारली. तो शंकासुर होता, आणि मिठीत तो कपडे वाळत घालायच्या काठीसारखा ताठ राहिला.

"असा नवरा कुणाला मिळू नये," ताई म्हणाली. डोळे पुसावे लागत होते, आणि ते हसण्यामुळे की तीन वर्षांच्या उणे एकामुळे, हे तिलाही त्या क्षणी सांगता आलं नसतं. "एक्केचाळीस तारे टाकले असते तर किती आला असता?"

संगणकवाल्यानं घालून पाहिलं. "उणे शून्य पूर्णांक सत्त्याऐंशी."

"म्हणजे मी दोन तास घसा फोडून स्वतःला उणे एकापासून आणखी पाच पायऱ्या लांब ढकललं."

"एवढं मोठं तोंडावर पडायला कुणी आधी बघून ठेवत नाही," सर म्हणाले, आणि वाचनकक्ष पुन्हा खदखदला. कुणीतरी बशांवरची झाकणं काढली. सर दोन बोटं वर करून सांगत होते की चुकीची मर्यादा अजून रुंद आहे, दुसऱ्या दुर्बिणीवाल्यांनी ताडून पाहिल्याखेरीज रेटा ओसरतोय असं कुणी बाहेर बोलायचं नाही, बोळातही नाही. ऐकत कुणी नव्हतं.

एकटा शंकासुर पडद्यासमोर उभा होता. फळ्यावर 'ओसरता' हा अंदाज त्याचाच. तीन वर्षं ज्यासाठी भांडला ते समोर आलं होतं आणि त्याचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं.

"ताई," त्यानं हाक मारली, "हे माझ्या फारच मनासारखं आलंय."

"मग नाच की."

"नको. कुठेतरी चूक असणार. आणि मला ती आता सापडायची नाही, कारण मला ती नकोय." त्यानं खडू तिच्यापुढे धरला. "तूच बघ. हरलेला माणूस बघतो तितकं बारीक कुणी बघत नाही."

ताईनं खडू घेतला. बाहीवरचा कपटा झटकला. "वाटेतल्या धुळीनं तारे मंद दिसतात, त्या दुरुस्तीपासून सुरुवात करू. ती तुझी आहे, आणि मला ती पहिल्या दिवसापासून आवडलेली नाही."

"तेव्हा का बोलली नाहीस?"

"बोलले होते. तू मुदत वाढवून मागितलीस."

दोघं पाच मिनिटांत असे भांडायला लागले की बशा तशाच राहिल्या. ग्रंथपालानं एकीत दोघांपुरतं वाढून फळ्याच्या कठड्यावर ठेवलं. ताईनं न बघताच एक घास उचलला.

"चहा आणू?" त्यानं विचारलं.

"आण. पण साखर बघून घाल रे बाबा. मंगळवारी नुसता पाक होता."

ग्रंथपाल शीळ घालत चहा आणायला निघाला. टोमणे परत सुरू झाले होते.